नळ आला, आता सांडपाणी कुणाच्या शेतात?

(त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या ग्रामसभा कार्यकर्त्यांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. मधे लोकांनी विचारलेले प्रश्नही घेतले आहेत. पाड्यावर वाचून दाखवावं.)



काल दिवसभर आपण दाव्यांवर बोललो. कुणाचा वनपट्टा कमी मोजला, कुणाचा दावा उपविभागीय समितीत अडकून पडला, कुणाच्या सातबाऱ्यावर अजून नोंदच नाही. आज मला विषय दिलाय सांडपाण्याचा. मघाशी चहाच्या वेळी एक भाऊ म्हणाले, 'ताई, गटाराचं काय ऐकायचं, जमिनीचं बोला.' मी जमिनीचंच बोलणार आहे. कारण सांडपाणी हवेत राहत नाही. ते वाहतं, उतार धरतं आणि शेवटी कुणाच्या तरी जमिनीत जाऊन बसतं. कुणाच्या, हे कोण ठरवणार, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी आपला डोंगर बघा. ब्रह्मगिरी. त्याच्या एका अंगानं गोदावरी निघते, दुसऱ्या अंगानं वैतरणा. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. गोदावरीचं पाणी त्र्यंबक गावातून, पुढं बेझ्याजवळच्या चक्रतीर्थावरून खाली गंगापूर धरणात जातं आणि तिथून नाशिक शहर ते पितं. म्हणजे देशातल्या दोन मोठ्या शहरांचा पाण्याचा माठ आपल्या डोक्यावर आहे. गोदावरी इथून निघून १४६५ किलोमीटर जाते, समुद्राला मिळते. लोक म्हणतात दक्षिणेची गंगा. आता त्र्यंबक गावात जाऊन ही गंगा शोधा. कुशावर्त दिसेल, देऊळ दिसेल, पण नदी पटकन दिसणार नाही. गावात नदीवर स्लॅब टाकलाय. वर माणसं चालतात, दुकानं लागतात, खाली अंधारात नदी वाहते. झाकलेल्या नदीत काय सोडलं जातं ते कुणाला दिसत नाही. नदीचा नाला करायचा असेल तर सगळ्यात सोपी युक्ती हीच. आधी तिच्यावर झाकण घाला.

त्र्यंबकची वस्ती २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास होती. गाव तसं लहान, पण नगरपरिषद आहे. आपण हिशोब करू. गटारयोजना असलेल्या शहराला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. बारा हजार माणसांचं झालं सोळा लाख वीस हजार लिटर. इंजिनियर लोक धरतात की दिलेल्या पाण्यातलं शंभरातलं ऐंशी परत सांडपाणी होऊन बाहेर येतं. म्हणजे जवळजवळ तेरा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर आपण उन्हाळ्यात बघतो ना, तसे एकशे तीस टँकर. रोज. आणि हे फक्त गावच्या माणसांचं. श्रावणी सोमवारी, निवृत्तीनाथांच्या यात्रेला, लागून सुट्ट्या आल्या की लॉज भरतात, धर्मशाळा भरतात, तो आकडा वेगळा. सिंहस्थात तर लाखांनी माणूस येतो. १९९१ ला आला, २००३ ला आला, २०१५ ला आला, आता २०२७ ला येणार.

हे पाणी घाण म्हणजे किती घाण, ते मोजायचं एक माप आहे. त्याला बीओडी म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, त्याच्यावर मासा जगतो, खेकडा जगतो. पाण्यात घाण पडली की ती कुजवायला बारके जीव लागतात आणि ते जीव तो प्राणवायू खाऊन टाकतात. किती खाल्ला, ते म्हणजे बीओडी. कच्च्या मैलापाण्यात हा आकडा लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. चांगलं प्रक्रिया केंद्र चाललं तर तो तीसच्या खाली येतो, नव्या केंद्रांकडून दहाची अपेक्षा धरतात. आपल्या म्हाताऱ्यांना यंत्र लागत नाही. डोहातला मळ्या मासा गेला, पाण्यावर तवंग आला, म्हशी पाण्यात बसेनात, की त्यांना कळतं.

प्रक्रिया केंद्रात काय होतं तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी नकाशा घेऊन आला तर त्याला प्रश्न विचारता येतील. पहिल्यांदा जाळी. तिथं प्लॅस्टिक, फुलं, चिंध्या अडकतात. मग वाळू-माती खाली बसवायची टाकी. मग मोठी टाकी, तिच्यात पंख्यानं किंवा नळ्यांनी हवा फुंकतात, म्हणजे ते बारके जीव वाढतात आणि घाण खातात. मग पाणी संथ ठेवतात, जीवांचा गाळ तळाला बसतो. वरचं निवळ पाणी क्लोरीन टाकून सोडतात. तळाचा गाळ काढून वाळवतात. सगळं मिळून एवढंच आहे. यातली हवा फुंकणारी मोटार रात्रंदिवस चालली पाहिजे. वीज गेली, किंवा बिल थकलं, किंवा ठेकेदाराचा माणूस आला नाही, की काही तासांत जीव मरायला लागतात. मग ते केंद्र म्हणजे नुसती मोठी डबकी. पाणी एका बाजूनं घाण आत येतं, दुसऱ्या बाजूनं घाणच बाहेर जातं, आणि फलकावर लिहिलेलं असतं प्रक्रिया केंद्र.

त्र्यंबकमधल्या गोदावरीच्या घाणीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढं गेला. त्याच्या आधी नाशिकच्या गोदावरीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. नदीवर प्रेम करणाऱ्या शहरातल्या लोकांनी ते लढे दिले, त्यांना मान द्यायला पाहिजे. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपते. कोर्टात नदी म्हटली की कुशावर्त, रामकुंड, स्नान, भाविक एवढंच समोर येतं. त्र्यंबक आणि गंगापूर धरण यांच्यामधे जी गावं आहेत, जे पाडे आहेत, नदीतून मोटार टाकून टोमॅटो-मिरची करणारा माणूस आहे, नदीकाठच्या झिऱ्यातून हंडा भरणारी बाई आहे, ती त्या कागदात फारशी येत नाही. भाविक वर्षातून एकदा बुडी मारतो. आपण रोज त्या पाण्यावर असतो.

धरणाचंही तेच. गंगापूरच्या वर काश्यपी धरण झालं, नाशिकच्या पिण्याच्या पाण्यासाठी. आपल्या लोकांच्या जमिनी गेल्या. नोकरीचं आश्वासन पुरं करा म्हणून ते धरणग्रस्त कित्येक वर्षं मोर्चे काढतायत. पाण्यासाठी जमीन आपल्याकडून घेतली. आता सांडपाण्यासाठीही जमीन लागणार आहे, आणि ती कुठून आणायची याचा विचार नकाशावर कुणीतरी करत बसलेलाच असेल.

(एका आजोबांनी विचारलं: 'बाई, आमच्याकडं एप्रिल-मे मधी प्यायलाच पाणी नाय. सांडपाणी कुठून आनायचं?')

बाबा, बरोबर विचारलंत. आपल्या तालुक्यात पावसाळ्यात छत्रीसुद्धा टिकत नाही इतका पाऊस, आणि होळी झाली की बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. पण २०१९ पासून जलजीवन मिशन आलंय. माणशी ५५ लिटर नळानं द्यायचं ठरलंय. कुठं टाकी झाली, कुठं नळाची तोटी बसली आणि पाणी नाही, कुठं खरंच पाणी येतं. आपण भांडून ते आणणार आहोतच. धरा आठशे माणसांचं गाव. ५५ लिटरनं चव्वेचाळीस हजार लिटर. त्यातलं ऐंशी टक्के मोरीतून बाहेर येणार, म्हणजे पस्तीस हजार लिटर, साडेतीन टँकर रोज. आजवर बाई दोन हंड्यांत भागवायची. भांडी घासलेलं पाणी जनावराला, नाहीतर दारातल्या अळूला. सांडायला पाणीच नव्हतं, म्हणून सांडपाणी नव्हतं. नळ आला की पाणी दारात साचणार, डास होणार, गल्लीतून ओहोळ निघणार. मग ग्रामपंचायत म्हणणार, गटार बांधा. ठेकेदार खूश. सिमेंटचं गटार गावाच्या खालच्या टोकापर्यंत नेणार आणि तिथं सोडून देणार. खालच्या टोकाला कुणाची वस्ती असते, सांगा बरं? पाटलाची नसते. काथोडी भावाची असते, नाहीतर ज्याला गावठाणात जागा मिळाली नाही त्याची. त्याचं भाताचं खाचर, त्याची विहीर.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. लहान गावानं गटार बांधायचंच नाही. घरचं पाणी घरापाशी जिरवायचं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. त्यांनी उघडी गटारं नको म्हटलं आणि घरोघर शोषखड्डे केले. डास गेले. मग ती पद्धत जिल्हाभर गेली, लोक तिला मॅजिक पिट म्हणायला लागले. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे, वर झाकण. मोरीचं पाणी टाकीत येतं, भोकांतून दगडांत जातं, दगडांतून जमिनीत मुरतं. खड्ड्याच्या आधी एक बारकं भांडं ठेवायचं, त्यात खरकटं, तेल, राख अडकते. ते आठवड्याला साफ केलं तर खड्डा वर्षानुवर्षं चालतो. नाही केलं तर दोन पावसाळ्यांत तुंबतो. मग लोक म्हणतात योजना खोटी.

पण नांदेडची माती वेगळी, आपली वेगळी. कुणी साहेब आला आणि म्हणाला सगळ्या तालुक्यात एकाच मापाचे खड्डे करा, तर त्याला आपल्या माळावर न्या आणि पहार हातात द्या. हातभर खाली काळा खडक लागतो. जुलैत तर खड्डा न मुरणारं तळं होतो, कारण जमीनच पाण्यानं टच्च भरलेली असते. आणि खडक फुटीर आहे, फटीतून पाणी पळतं. शोषखड्ड्याचं पाणी सरळ खालच्या झिऱ्यात निघू शकतं. म्हणून जिथं मुरूम आहे तिथं खड्डा. जिथं खडक आहे तिथं परसबाग. मोरीचं पाणी उथळ चरातून फिरवायचं, चरात वाळू-खडी, काठानं केळी, अळू, कर्दळ. कर्दळ हे पाणी आवडीनं पिते. आपल्या आज्या दारात केळ का लावायच्या, त्याला शास्त्र होतं. विहिरीपासून लांब, विहिरीच्या खालच्या अंगाला, एवढं मात्र पाळायचं.

हे झालं मोरीचं पाणी. संडासचं पाणी त्यात एक थेंब मिसळू द्यायचं नाही. हे मी दोनदा सांगते, कारण इथंच सगळा घोळ होतो. मोरीचं पाणी झाडाला चालतं. संडासचं पाणी म्हणजे कावीळ, जुलाब, विषमज्वर. सरकारी संडासचा खरा नमुना दोन खड्ड्यांचा आहे. तीन-चार फूट खोल, विटांना मधे फटी, तळ मातीचा. एक खड्डा पाच-सहा वर्षांत भरतो, मग मधल्या कुंडीत वीट फिरवून पाणी दुसऱ्या खड्ड्यात सोडायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत माती होते, वास नाही, किडा नाही, शेतात टाकता येते. माणसाला माणसाचा मैला उपसायला लागू नये, हा त्या नमुन्याचा अर्थ आहे. पण बांधणाऱ्यानं काय केलं? कुठं एकच खड्डा, कुठं दोन्ही खड्ड्यांत एकदम पाणी, कुठं तळाला सिमेंट. आणि विहिरीपासून निदान तीस-पस्तीस फूट पाहिजे, आपल्या फुटीर खडकात त्याहून जास्त, तर तो विहिरीच्या कठड्याला चिकटून. अनुदानाचा फोटो निघाला की काम संपलं.

ज्यांच्याकडे सेप्टिक टाकी आहे त्यांच्यासाठी एक वाक्य. सेप्टिक टाकी घाण साफ करत नाही, फक्त बसवते. बाहेर येणारं पाणी अजून मैलाच असतं, ते शोषखड्ड्यात गेलं पाहिजे, आणि टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली पाहिजे. आता हायवेच्या कडेला, त्र्यंबकच्या अलीकडं-पलीकडं, एवढे लॉज, एवढे फार्महाऊस झालेत. त्यांच्या टाक्या उपसणारा टँकर जातो कुठं? रात्री घाटाच्या वळणावर, ओढ्याच्या पुलावर ओतलेला मैला इथं बसलेल्या कित्येकांनी पाहिलाय. पुढच्या वेळी नुसतं नाकाला पदर लावून पुढं जायचं नाही. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, फोटो. आणि दुसऱ्या बाजूनं हेही सांगते की हे नीट करता येतं. साताऱ्यातलं वाई आणि आपल्याच जिल्ह्यातलं सिन्नर ही दोन लहान शहरं. तिथं घरोघरच्या टाक्या पाळीनं, तीन वर्षांच्या फेऱ्यात उपसायच्या आणि मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, अशी पद्धत बसवली. मोठी गटारयोजना होईपर्यंत थांबले नाहीत. त्यासाठी स्वच्छता कर घेतात. सिन्नरला जमतं तर बाकीच्यांना का नाही, हे नगरपरिषदेला विचारायला पाहिजे. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. आपल्या पोरांना कुणी पाचशे रुपये दाखवून उतरवलं तर तिथंच अडवा. आतला वायू एका श्वासात माणूस मारतो.

आता जमिनीचा मुद्दा. हा नीट ऐका, लिहून घ्या.

सिंहस्थ आला की रस्ते, वाहनतळ, साधुग्राम, पाण्याच्या लाईनी आणि मैलापाण्याची केंद्रं, सगळ्याला जागा लागते. मोटारीचं केंद्र थोड्या जागेत बसतं, पण वीज खातं. तळ्यांचं केंद्र, म्हणजे उन्हानं आणि शेवाळानं पाणी साफ होणारं, वीज जवळजवळ खात नाही, पण दहा लाख लिटरला हेक्टर-दोन हेक्टर जागा खातं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. मी स्वतः लहान गावाला तळ्याच्या बाजूनं आहे, बिघडायला त्यात काही नाही. पण हेक्टर-दोन हेक्टर म्हणजे एका घराचं पोट. ती जागा कुणाची?

समजा म्हणाले वनजमिनीवर करू. वनहक्क कायदा २००६, कलम ३ (२). गावाच्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीनं देता येते. त्यात तेरा कामांची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि टेलिफोनच्या तारा, तलाव, पिण्याच्या पाण्याची लाईन, पावसाचं पाणी साठवणं, लहान पाट, अपारंपरिक ऊर्जा, प्रशिक्षण केंद्र, रस्ता, समाजमंदिर. मोजा. मैलापाणी प्रक्रिया केंद्र त्यात नाही. पिण्याच्या पाण्याची लाईन आहे, घाण पाण्याची नाही. म्हणून कुणी तुमच्या ग्रामसभेपुढं ३ (२) चा फॉर्म आणून म्हणाला की पाण्याचंच काम आहे, सही करा, तर यादी वाचून दाखवा. शहराच्या मैल्यासाठी वनजमीन पाहिजे असेल तर वनसंवर्धन कायदा १९८० च्या रस्त्यानं जावं लागेल. तिथं ३ ऑगस्ट २००९ चं केंद्राचं परिपत्रक होतं, आधी वनहक्काचे दावे पुरे करा, ग्रामसभेची संमती आणा, मग जमीन वळवा. २०२२ च्या नियमांनी केंद्रानं ही जबाबदारी राज्य सरकारवर ढकलली. पण वनहक्क कायदा तसाच उभा आहे, कलम ४ (५) तसंच आहे. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही.

समजा म्हणाले मालकीची जमीन घेऊ. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आडवं येतं, परवानगी लागते. आणि सरकारनं संपादन करायचं म्हटलं तर २०१३ चा कायदा, कलम ४१. अनुसूचित क्षेत्रात शक्यतो संपादन करायचंच नाही, करायचं झालं तर आधी ग्रामसभेची संमती. पेसा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

(एका बाईंनी विचारलं: 'मग आपण नकोच म्हणायचं का? केंद्र झालं नाही तर घाण आपल्याकडंच येते.')

हाच खरा पेच आहे, ताई, आणि त्याला सोपं उत्तर नाही. केंद्र नको म्हटलं तर शहराचा मैला तसाच खाली येत राहतो, पहिलं नुकसान आपलंच. केंद्र हो म्हटलं तर जमीन जाते. मला वाटतं ग्रामसभेनं नुसतं नको लिहू नये, नुसतं हो पण लिहू नये. आधी विचारायचं, शहराच्या हद्दीतली, नगरपरिषदेच्या ताब्यातली कोणकोणती जागा बघितली? त्यांचे सर्व्हे नंबर द्या, त्या का नाकारल्या ते लेखी द्या. आणि आज जे केंद्र आहे ते पुऱ्या ताकदीनं चालतं का, ते दाखवा. चालत असलेलं नीट चालवत नाहीत आणि नवं मागतात, असं व्हायला नको. जागा आपलीच द्यायची वेळ आली, तर भाड्यानं, ठरलेल्या मुदतीनं, चालवण्याच्या कामावर गावची पोरं आणि साफ झालेल्या पाण्यावर पहिला हक्क खालच्या शेताचा. उन्हाळ्यात ते पाणी म्हणजे सोनं आहे. नागली-भाताच्या पुढं दुसरं पीक निघेल.

केंद्र चालतं की नाही हे कसं ओळखायचं? साहेब म्हणेल चालतं. माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, दर महिन्याचे पाणी तपासणीचे अहवाल, आणि केंद्राचं वीजबिल. अहवाल बसल्या जागी लिहिता येतो, वीजबिल लिहिता येत नाही. मोटार रात्रंदिवस फिरली असेल तर युनिट पडलेलेच असतात. आणखी एक विचारा, गाळ किती निघाला आणि कुठं टाकला. घाण खाल्ली तर गाळ निघणारच. गाळ नाही म्हणजे प्रक्रिया नाही. पावसाळ्यात मुद्दाम जाऊन बघा, कारण पावसाचं पाणी गटारात शिरलं की केंद्राला झेपत नाही आणि बाजूच्या पाइपातून सगळं तसंच नदीत सोडून देतात.

आपल्या हातात दोन कायदे अजून आहेत, त्यांचा वापर आपण फार कमी केलाय. वनहक्क कायद्याचं कलम ५. पाणलोट, पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला आणि हक्कधारकांना आहे. आपण तो जंगलतोड अडवायला वापरला, ओढ्यासाठी अजून वापरला नाही. आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. अनुसूचित जाती-जमातीचे लोक नेहमी वापरतात तो झरा, तलाव, पाण्याची जागा दुसऱ्या कुणी घाण केली, वापरायला कमी लायक केली, तर तो अत्याचाराचा गुन्हा आहे. कायद्यात लिहिलेलं आहे. झिऱ्याच्या वर टँकर ओतणारा नुसती घाण करत नाही, एवढं ठाण्यात बोलता आलं पाहिजे. त्याच्या जोडीला १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा, कलम २४, ओढ्या-नदीत घाण सोडायला बंदी. तो सगळ्यांना लागू, नगरपरिषदेलाही, आश्रमशाळेलाही. आश्रमशाळेचं नाव घेतलं की सगळे माना हलवतात. चारशे-पाचशे पोरं राहतात, आंघोळ, कपडे, स्वयंपाक, संडास, सगळं मागच्या नाल्यात. आपलीच पोरं, आपलाच नाला. तिथं शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसं बसतात, त्यांनी हा विषय घ्यावा. पाचशे पोरांच्या पाण्यावर अर्धा एकर भाजीपाला होतो, तो त्यांच्याच ताटात येईल.

पैशाचं थोडक्यात. पैसा नाही असं ग्रामसेवक म्हणाले तर हे सांगा. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० पासून, पाच हजारापर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले. आठशे माणसांचे दोन लाख चोवीस हजार. पंधराव्या वित्त आयोगाच्या बांधील पैशातला निम्मा स्वच्छतेचा होता. पेसा गावांना ५ टक्के निधी थेट येतो, २०१५ पासून, त्यात आरोग्य-स्वच्छतेचा विषय बसतो. हा पैसा गटारावर जातो की खड्ड्यांवर आणि परसबागेवर, हे आराखड्याच्या ग्रामसभेत ठरतं. त्या ग्रामसभेला आपले पुरुष कामाला गेलेले असतात आणि बायांना बोलावणं येत नाही. सह्या मात्र सगळ्यांच्या असतात.

आता कामाचं. प्रत्येक पाड्यानं पावसाच्या आधी एक फेरी करायची. बाया पुढं, कारण पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते त्यांनाच ठाऊक. विहीर, हापसा, झिरा यांच्या वरच्या अंगाला संडास, गटार, गोठा काय काय आहे ते कागदावर काढायचं. पाण्याची तपासणी पण करायची. जलजीवनमधे गावातल्या पाच बायांना शिकवून तपासणी पेटी द्यायची आहे. पेटी कुठल्यातरी कपाटात असेल, ती बाहेर काढा. तिच्यात बाटली असते, पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैला आहे. काळं पडलं की टीसीएल टाकून गप्प बसायचं नाही. वर कुठून येतं ते शोधायचं.

ठरावाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. त्यात ओढ्याचं नाव, गट नंबर आणि कुणाकुणाची शेती खाली आहे ते तुम्ही भरा. सरपंचाची सही नाही मिळाली तरी पेसाच्या ग्रामसभेचा ठराव ग्रामसभेच्या अध्यक्षाच्या सहीनं होतो. तीन प्रती काढा. एक पंचायत समितीला, एक प्रदूषण मंडळाच्या नाशिक कार्यालयाला, पोच घेऊन, एक आपल्या फाइलला. वैतरणेकडच्या गावांनी ओढ्याचा नकाशा वेगळा काढावा, त्यांचं पाणी दुसऱ्या उताराला जातं. ज्यांच्या बाटल्या काळ्या पडल्या त्यांनी पुढच्या बैठकीला त्या सोबत आणाव्यात, झाकण घट्ट लावून.